परावर्तन की स्वतःचे उत्सर्जन? अग्निगोलांच्या रेडिओ उत्तरदीप्तीचे प्रकरण

उल्का कोसळत असताना दूरच्या प्रक्षेपण केंद्राचा, एरवी न पोहोचणारा संदेश काही क्षण स्पष्ट ऐकू येतो, हे हौशी रेडिओचालकांना अनेक दशकांपासून माहीत आहे. सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरलेला कण साधारणपणे ८० ते १२० किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात जळतो आणि आपल्या मागे आयनीभूत वायूची अरुंद रेघ सोडतो. त्या रेघेतील मोकळे इलेक्ट्रॉन जमिनीवरून आलेल्या लहरी परतवतात आणि क्षितिजापलीकडचे केंद्र ऐकू येते. या व्यवहारात उल्का केवळ आरसा असते; लहर दुसऱ्याची असते.

उल्का स्वतः रेडिओ लहरी निर्माण करते का, हा प्रश्न निराळा आहे. १९५८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जेराल्ड हॉकिन्स यांनी ३० ते ४७५ मेगाहर्ट्झच्या दरम्यान असे उत्सर्जन शोधण्याचा प्रयत्न केला, पण त्यांच्या हाती काही लागले नाही. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे पृथ्वीच्या परिसरातील नैसर्गिक रेडिओ स्रोतांच्या यादीत आकाशातील विजा होत्या, विजेपासून निघून चुंबकीय बलरेषांवरून एका गोलार्धातून दुसऱ्या गोलार्धात जाणाऱ्या ‘व्हिसलर’ लहरी होत्या, ध्रुवीय प्रकाशाच्या प्रदेशांवरून निघणारे किलोमीटर तरंगलांबीचे उत्सर्जन होते. उल्कांना मात्र त्या यादीत स्थान नव्हते. ते २०१४ मध्ये मिळाले. उल्केमागे काही काळ रेंगाळणाऱ्या तिच्या स्वतःच्या रेडिओ उत्सर्जनालाच रेडिओ उत्तरदीप्ती म्हणतात. हा शोध कोणत्या वाटेने लागला, कोणते पर्याय कसे बाद झाले आणि कोणत्या पुराव्यावर तो खऱ्या अर्थाने उभा आहे, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

येथे एक खुलासा करणे बरे. अग्निगोल, म्हणजे अतितेजस्वी उल्का, दिसत असतानाच सळसळ किंवा तडतड ऐकू आल्याच्या नोंदी फार जुन्या आहेत. १७१९ च्या अग्निगोलाबाबत आलेल्या अशा साक्षी एडमंड हॅली यांनी कल्पनेचा खेळ ठरवून बाजूला सारल्या होत्या. त्या आवाजांचे स्पष्टीकरण काही किलोहर्ट्झच्या अतिनीच वारंवारतेच्या लहरींमध्ये शोधले गेले आहे. तो वाद वेगळा आहे, त्याचा पुरावाही वेगळ्या प्रतीचा आहे, आणि दोन्ही गोष्टी एकत्र केल्याने गोंधळच वाढतो. आपले प्रकरण दहापट किंवा शंभरपट नव्हे, तर हजारो पटींनी वरच्या वारंवारतेचे आहे.

शोधायला गेले एक

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, सॅन ऑगस्टिनच्या पठारावर, व्हेरी लार्ज अ‍ॅरे या प्रसिद्ध दुर्बिणीच्या जवळच ‘लाँग वेव्हलेंग्थ अ‍ॅरे’चे पहिले केंद्र आहे. त्याला एलडब्ल्यूए-१ म्हणतात. येथे तबकड्या नाहीत. सुमारे शंभर मीटर रुंद जागेत अडीचशेहून अधिक द्विध्रुवी अँटेना जमिनीत रोवलेल्या आहेत आणि त्या १० ते ८८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात काम करतात. अशा अँटेनेला विशिष्ट दिशेकडे वळवावे लागत नाही, तिला जवळजवळ सगळे आकाश एकाच वेळी दिसते. सर्व अँटेनांचे संकेत एकत्र करून पासी या नावाची संगणकीय यंत्रणा दर पाच सेकंदांना संपूर्ण आकाशाची एक प्रतिमा तयार करत असे. प्रतिमा भरड असे, कारण ३८ मेगाहर्ट्झला एवढ्याशा जागेतून चार-पाच अंशांपेक्षा बारीक तपशील मिळत नाही; शिवाय एका वेळी केवळ ७५ किलोहर्ट्झची चिंचोळी पट्टी नोंदली जात असे. पण ही यंत्रणा दिवसरात्र चालू असे आणि नोंदी साठवल्या जात असत.

न्यू मेक्सिको विद्यापीठातील केनेथ ओबेनबर्गर, ग्रेगरी टेलर आणि त्यांचे सहकारी या साठ्यात गॅमा किरण स्फोटांचा शोध घेत होते. अब्जावधी प्रकाशवर्षांवरील या स्फोटांबरोबर कमी वारंवारतेची रेडिओ लहरही निघत असावी, अशी एक अपेक्षा होती. जानेवारी २०१२ ते मे २०१३ या काळातील ३४ स्फोटांच्या वेळच्या प्रतिमा तपासल्या गेल्या. एकाही स्फोटाशी जुळणारी लहर सापडली नाही आणि निबंधात संवेदनशीलतेची मर्यादा, म्हणजे प्रतिमेतील गोंगाटाची पातळी, नोंदवली गेली: खस्वस्तिकाजवळ (थेट डोक्यावर), पाच सेकंदांच्या एका प्रतिमेत, ३७.९ मेगाहर्ट्झला साधारण ६८ यान्स्की. यान्स्की हे रेडिओ तीव्रतेचे एकक आहे.

त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील सर्वांत प्रामाणिक पाऊल तेच आहे. कोणत्याही ज्ञात स्फोटाशी न जुळणाऱ्या दोन क्षणिक घटना त्यात नोंदवल्या होत्या आणि त्यांचा उगम अज्ञात आहे असे सरळ म्हटले होते. नकारात्मक निष्कर्षाच्या निबंधात अशी न जुळणारी नोंद गाळून टाकण्याचा मोह मोठा असतो, कारण ती मुख्य युक्तिवादाला काही मदत करत नाही. ती गाळली असती, तर पुढचा शोध कदाचित आणखी काही वर्षे लांबला असता.

दहा जुळण्या

पुढच्या टप्प्यात ११,००० तासांहून अधिक काळाच्या प्रतिमा चाळण्यात आल्या. त्यांत दहा-वीस सेकंदांपासून मिनिटाच्या आसपास टिकणाऱ्या ४९ क्षणिक घटना सापडल्या. त्यांच्या तीव्रतेचा आलेख साधारण एकाच वळणाचा होता: झपाट्याने चढ आणि नंतर संथ, घातांकी उतार. काही घटना बिंदूसारख्या नव्हत्या, तर आकाशात रेघेसारख्या लांबट दिसत होत्या. दूरच्या दीर्घिकेतील स्रोत भरड प्रतिमेतही लांबट दिसू शकत नाही, तेव्हा जे काही होते ते जवळचे होते.

अग्निगोलांच्या नोंदी ठेवणारे नासाचे कॅमेऱ्यांचे जाळे न्यू मेक्सिकोतही आहे. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर ४९ पैकी १० घटना वेळ आणि दिशा या दोन्ही बाबतींत मोठ्या अग्निगोलांशी जुळल्या. उरलेल्या ३९ चे काय, हा आक्षेप साहजिक आहे. परंतु रेडिओ दुर्बीण भर दुपारी आणि ढगाळ रात्रीही पाहते, तर कॅमेरा फक्त निरभ्र अंधाऱ्या रात्री, आणि तोही आकाशाच्या ठरावीक भागावरच उपयोगी पडतो. म्हणून सगळ्या घटना जुळण्याची अपेक्षाच चुकीची ठरली असती. उलट, मोठे अग्निगोल मुळात दुर्मीळ असताना काही सेकंद आणि काही अंशांच्या आत दहा जुळण्या निव्वळ योगायोगाने मिळणे जवळजवळ अशक्य आहे.

परंतु जुळणी म्हणजे उत्सर्जन नव्हे. अग्निगोल लहरी परतवतो हे तर आधीपासून माहीत होते, आणि एलडब्ल्यूए-१ च्या प्रतिमांमध्ये दूरच्या प्रक्षेपकांच्या अशा परावर्तित खुणा नित्याच्या होत्या. या दहा घटना त्याच जातीच्या नव्हत्या, हे कशावरून?

पहिला आधार ध्रुवीकरणाचा होता. प्रक्षेपकाची लहर ठरावीक दिशेने कंप पावते आणि परावर्तनानंतरही तिचे ध्रुवीकरण बऱ्याच अंशी टिकते. नव्या घटनांमध्ये मात्र ते आढळत नव्हते. दुसरा आधार वारंवारतेचा. प्रक्षेपकाची शक्ती अरुंद वाहक लहरीत किंवा ठरावीक वाहिनीत एकवटलेली असते, तर येथे ७५ किलोहर्ट्झच्या संपूर्ण पट्टीत ती सारख्या प्रमाणात पसरलेली दिसली. हे दोन्ही मुद्दे वजनदार आहेत, तरीही मला ते अंतिम वाटत नाहीत. ७५ किलोहर्ट्झ ही फार लहान खिडकी आहे. तिच्यातून सपाट दिसणारे काहीही बाहेर उंचसखल असू शकते.

हा आक्षेप पुढच्या दोन वर्षांत मिटला. दुर्बिणीचा रोख आकाशाच्या एका भागाकडे ठेवून रुंद पट्टीची नोंद घेण्याची दुसरी पद्धत वापरली गेली आणि योग्य वेळी योग्य दिशेला अग्निगोल येण्याची वाट पाहण्यात आली. प्रथम दोन अग्निगोलांचा ३७ ते ५४ मेगाहर्ट्झमधील, आणि २०१६ पर्यंत एकूण चार घटनांचा २२ ते ५५ मेगाहर्ट्झमधील वर्णपट मिळाला. तो गुळगुळीत होता आणि कमी वारंवारतेकडे झपाट्याने तीव्र होत जात होता. तीसहून अधिक मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात इतक्या एकसारखेपणाने शक्ती ओतणारा कोणताही प्रक्षेपक माणसाने बांधलेला नाही. परावर्तनाचा पर्याय या ठिकाणी खऱ्या अर्थाने बाद होतो.

उष्णतेचा हिशेब

दुसरा सोपा पर्याय असा की, तापलेला वायू आपल्या उष्णतेमुळेच रेडिओ लहरी सोडत असेल. हा पर्याय कागदावरच मोडता येतो. समजा, १०० किलोमीटर अंतरावर १० किलोमीटर लांबीची आणि १०० मीटर रुंदीची रेघ आहे आणि तिचे तापमान ३,००० केल्विन आहे. ती पूर्णपणे अपारदर्शक मानली, म्हणजे तिच्या बाजूने सर्वांत उदार गृहीतक धरले, तरी ३८ मेगाहर्ट्झला तिची तीव्रता जेमतेम दहा-पंधरा यान्स्की भरते. घटना ओळखता येण्यासाठी ती गोंगाटाच्या अनेक पट असावी लागते, म्हणजे वर दिलेल्या मर्यादेनुसार त्या दुर्बिणीत शेकडो यान्स्कींची.

आणखी एक गंमत आहे. याच वारंवारतेला आकाशगंगेच्या पार्श्वभूमीचे तापमान सुमारे १०,००० केल्विन असते. तेव्हा ३,००० केल्विनची अपारदर्शक रेघ पार्श्वभूमीवर उजळ नव्हे, तर काळी दिसली पाहिजे. प्रत्यक्षात ती उजळ दिसते. अर्थात उत्सर्जनाचे मूळ साध्या उष्णतेत नाही.

मग उरते प्लाझ्माची स्वतःची आंदोलने. आयनीभूत वायूतील इलेक्ट्रॉन जागेवरून किंचित सरकले की विद्युत ओढीमुळे परत येतात, पुढे निघून जातात आणि पुन्हा येतात. या आंदोलनांची वारंवारता केवळ इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर ठरते. ३८ मेगाहर्ट्झसाठी दर घन सेंटीमीटरला सुमारे १.८ कोटी इलेक्ट्रॉन लागतात, ५५ साठी सुमारे ३.७ कोटी आणि २२ साठी सुमारे ६० लाख. तेजस्वी उल्केच्या ताज्या रेघेत या घनता सहज असतात आणि रेघ पसरत जाते तशा त्या कमी होत जातात. लँगम्युअर लहरी नावाने ओळखली जाणारी ही आंदोलने जर बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरींत रूपांतरित होत असतील, तर काळाबरोबर उत्सर्जन खालच्या वारंवारतेकडे सरकले पाहिजे. चारही घटनांचा वर्णपट काळानुसार अधिकाधिक उतरता होत गेला. त्याशिवाय एका अग्निगोलात वरून खाली घसरत जाणाऱ्या स्वतंत्र पट्ट्याही दिसल्या. प्लाझ्माचे वेगवेगळे पुंजके स्वतंत्रपणे प्रसरण पावत असावेत, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. त्यांतील काही पुंजके अग्निगोल विझल्यानंतर काही सेकंदांनी तयार झाले असले पाहिजेत, आणि हीच बाब पुढे अडचणीची ठरते.

नव्वद किलोमीटरची रेषा

या प्रकरणातील सर्वांत भक्कम पुरावा २०१४ च्या निबंधात नाही. तो २०१६ च्या उंचीच्या मोजणीत आहे, असे माझे मत आहे. तोपर्यंत नोंदींचा साठा वाढला होता: २५.६ मेगाहर्ट्झला ३०, ३४ ला १ आणि ३८ मेगाहर्ट्झला ९३ घटना. अनेक कॅमेऱ्यांच्या साहाय्याने ४४ घटनांशी जुळणाऱ्या उल्का सापडल्या आणि त्यावरून प्रत्येक उत्तरदीप्तीचे भौगोलिक स्थान व उंची काढता आली. सुमारे ९० किलोमीटरच्या खाली एकही रेडिओ उत्सर्जन आढळले नाही, आणि तेही अशा परिस्थितीत की त्यांतील अनेक उल्का स्वतः प्रकाशत प्रकाशत त्याहून बरीच खाली आल्या होत्या.

केवळ परावर्तन असते, तर अशी तीव्र सीमा दिसण्याचे कारण नव्हते. केवळ उष्णता असती, तर जिथे उल्का सर्वांत तेजस्वी तिथेच रेडिओही सर्वांत तीव्र असायला हवा होता. प्लाझ्मा आंदोलनांच्या कल्पनेत मात्र ही सीमा आपोआप येते. आंदोलन टिकायचे तर इलेक्ट्रॉनाला हवेच्या रेणूंशी वारंवार टक्कर देऊन चालत नाही, आणि हवा खाली येताना वेगाने दाट होते: ९० किलोमीटरवर ती १०० किलोमीटरपेक्षा सुमारे सहापट, तर ८० किलोमीटरवर सुमारे तेहतीसपट दाट असते. एका मर्यादेनंतर टकरींमुळे आंदोलन उभे राहण्याआधीच विरते. ही सीमा कोणी आधी गृहीत धरून शोधली नव्हती, ती नोंदींमधून वर आली, म्हणून तिचे मोल अधिक.

ऑस्ट्रेलियातील मर्चिसन वाइडफील्ड अ‍ॅरे या दुर्बिणीने ७२ ते १०३ मेगाहर्ट्झमध्ये ३२२ तास शोध घेतला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार उल्कांचे स्वतःचे असे एकही उत्सर्जन सापडले नाही. यातून मूळ शोधाविषयी शंका घेणे बरोबर होणार नाही. एलडब्ल्यूएच्या मोजणीप्रमाणे तीव्रता वारंवारतेच्या साधारण उणे चौथ्या घाताने घटते, आणि ऑस्ट्रेलियातील नकारात्मक निष्कर्षातून निघालेली मर्यादा उणे ३.७ आहे, म्हणजे घट निदान एवढी तरी तीव्र असली पाहिजे. दोन्ही आकडे एकत्र नांदू शकतात. त्या शोधात लहान उपग्रहांवरून परावर्तित झालेले एफएम प्रसारण मात्र स्पष्ट दिसले, हे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे.

नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर हे पाहता येईल का, असा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येईल. उत्तर बहुधा निराशाजनक आहे. १५० मेगाहर्ट्झला, उणे चौथ्या घाताच्या हिशेबाने, ३८ मेगाहर्ट्झवरची १,००० यान्स्कींची घटना सुमारे चार यान्स्कींवर येते. ४५ मीटरच्या तबकडीला त्या वारंवारतेला केवळ तीनेक अंशांचे आकाश दिसते, म्हणजे अग्निगोल नेमका तिथे यावा लागेल. शिवाय २५ किलोमीटरवर पसरलेल्या तबकड्यांसाठी १०० किलोमीटरवरची वस्तू इतकी जवळची आहे की नेहमीची प्रतिमा-पद्धत तिच्यावर केंद्रितच होत नाही. ती पद्धत जिथे लागू पडते ते ‘दूरचे क्षेत्र’ या वारंवारतेला सुमारे तीन लाख किलोमीटरच्या पुढे सुरू होते. दूरच्या दीर्घिकांचा बारीक वेध घेणारे उपकरण आणि सगळे आकाश भरडपणे पण सतत पाहणारे उपकरण, यांचे काम वेगळे आहे.

या शोधाचा त्रास आणि फायदा, दोन्ही त्या दूरच्या वेधांनाच झाला. कमी वारंवारतेला काही सेकंद टिकणारी कोणतीही लहर वैश्विक आहे असे म्हणण्याआधी ती उल्का नाही हे आता सिद्ध करावे लागते. एलडब्ल्यूएचे दुसरे केंद्र न्यू मेक्सिकोतच सेव्हिलेटा येथे, पहिल्यापासून सुमारे ७५ किलोमीटरवर उभे राहिल्यावर हे काम सोपे झाले. १०० किलोमीटर उंचीवरील स्रोत दोन केंद्रांना आकाशात तीस-चाळीस अंशांनी सरकलेला दिसतो, तर दीर्घिकेतील स्रोत जागचा हलत नाही. याच कसोटीवर टिकलेली, १८ ऑक्टोबर २०१७ ची ३४ मेगाहर्ट्झवरील १५ ते २० सेकंदांची एक घटना सॅव्हिन वर्गीस आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये वैश्विक स्रोताची संभाव्य नोंद म्हणून मांडली.

ऊर्जा येते कुठून?

प्लाझ्मा आंदोलने मान्य केली तरी एक प्रश्न उरतो. आंदोलने आपोआप सुरू होत नाहीत. त्यांना चेतवणारे वेगवान इलेक्ट्रॉन लागतात. उल्का जळताना निर्माण झालेले गरम इलेक्ट्रॉन या उंचीवर सेकंदाच्या अल्पांशात थंड होतात, आणि उत्तरदीप्ती तर मिनिटभर चालते. म्हणजे कोणती तरी यंत्रणा उल्का संपल्यानंतरही रेघेत ऊर्जा सोडत राहिली पाहिजे.

ओबेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये या प्रश्नाला नवी दिशा दिली. काही उल्कांच्या मागे डोळ्यांना किंवा कॅमेऱ्याला दिसणारा फिकट माग कित्येक मिनिटे, क्वचित तासभरही, रेंगाळतो. त्यामागे उल्केतून बाहेर पडलेल्या धातूंच्या अणूंची वातावरणातील ओझोन आणि ऑक्सिजन यांच्याशी होणारी ऊर्जा-उत्सर्जक रासायनिक अभिक्रिया असते. रेडिओ उत्तरदीप्ती देणाऱ्या उल्का आणि असा माग सोडणाऱ्या उल्का यांच्यात संबंध आढळला. तेव्हा वेगवान इलेक्ट्रॉन पुरवणारे इंधन हीच रसायनक्रिया असावी, असा तर्क पुढे आला. मला तो आकर्षक वाटतो, कारण काही सेकंद उशिरा तयार होणाऱ्या पुंजक्यांचे स्पष्टीकरण त्यात सहज बसते. पण तो अजून तर्कच आहे.

तपासणीसाठी लागणारी माहिती आता जमू लागली आहे. रेंगाळणाऱ्या मागांवर रोखलेल्या एका रुंद दृष्टिक्षेत्राच्या कॅमेऱ्याने जवळजवळ दोन वर्षांत नोंदवलेल्या ४,७२६ उल्कांपैकी ६३६ उल्कांनी असे माग सोडले. वेगवान आणि तेजस्वी उल्काच ते सोडतात ही जुनी समजूत त्यात टिकली नाही. संथ आणि फिकट उल्काही मोठ्या संख्येने निघाल्या. माग उरेल की नाही हे मुख्यतः उल्का किती खालपर्यंत येऊन विझते यावर ठरते, असे त्या नोंदी सांगतात. रेडिओ उत्तरदीप्तीला ९० किलोमीटरच्या वरची विरळ हवा हवी, आणि रासायनिक मागाला पुरेशी खोल उडी. दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या करणारा उंचीचा पट्टा अरुंद आहे, आणि त्या पट्ट्यातील एकाच उल्केचा माग, वर्णपट आणि रेडिओ आलेख एकत्र नोंदले गेले तरच इंधनाचा तर्क खरा की खोटा हे ठरवता येईल.